ततियम्पि झाल्यावर

"काय करतं वं बाई दिवसभर त्या लॅपटॉपवर?" शेजारची काकू विचारते.

"एक गोष्ट थांबते, असं सिद्ध करून राहिली, काकू."

"थांबवाले तं बटन असते न!"

काकूला हसून वेळ मारून नेते. लाखांदूरच्या घरी बसून मी दूरच्या एका कंपनीचं काम करते. स्वल्पविरामांनी जोडलेली अक्षरांची लांब माळ असते. आमचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा भाग, तिचा पहिला तुकडा कापतं आणि उरलेली माळ पुन्हा स्वतःलाच देतं. काही उरलं नाही की थांबतं. कुणालाही पटेल, पण सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामला पटत नाही. आम्ही त्याला प्रूव्हर म्हणतो. त्याचं एकच टुमणं: उरलेली माळ दर वेळी आधीपेक्षा आखूड असते, हे दाखव. जिथे कापायचं ती खूण, इथे स्वल्पविराम, कुणी कोरीच दिली तर? मग काहीच कापलं जात नाही, माळ तेवढीच राहते आणि हे चक्र कधीच थांबत नाही. या संशयी प्रूव्हरला मी खाष्ट सासू म्हणायचे.

मग एका संध्याकाळी आईची वंदना थांबेना.

आमच्या घरात दिवेलागणीला आईच वंदना सांगते, आम्ही तिच्यामागून म्हणतो. त्रिशरणात बुद्ध, धम्म, संघ अशा तीन ओळी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ओळीआधी दुतियम्पि, तिसऱ्या फेरीत ततियम्पि. कितवी फेरी ते शब्दच सांगतात, म्हणून चुकायचं कारण नाही. त्या संध्याकाळी ततियम्पि संपलं आणि आई पुन्हा दुतियम्पिवर गेली. मग ततियम्पि. मग पुन्हा दुतियम्पि. डोळे मिटलेले, आवाज खणखणीत.

"झालं न वं आई," मी तिचा हात धरला.

"काहून थांबवून राहिली मले? एकडाव राहिलं."

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढेल, म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या.

बाबांनी यावर आपला उपाय काढला. तिसरी फेरी संपली की ते मोठ्यानं "साधु, साधु, साधु" म्हणत. वंदनेचा शेवट तोच, म्हणून आई ऐकून हात खाली घेई. मला मात्र रोज वाटे, एखाद्या दिवशी बाबा घरी नसले तर ही म्हणतच राहील, घसा सुकेपर्यंत.

कामावरही मी बाबांचाच उपाय केला. फंक्शनला बाहेरून एक आकडा लावला. तो दर वेळी एकानं कमी होतो, संपला की थांबायचं. प्रूव्हरनं मुकाट्यानं मान्य केलं. आमच्या साहेबांनी केलं नाही. "हा पुरावा नाही, लगाम आहे," ते म्हणाले. "आकडा संपला आणि माळ उरली असली तर?"

खरं होतं. मी पुन्हा बसले. कापायची खूण कोरी नसेल अशी अट घातली आणि दाखवलं की दर वेळी निदान एक अक्षर तरी जातंच, उरलेलं आखूडच असतं, आणि आखूड होत जाणारं कधीतरी संपतंच. एका सकाळी प्रूव्हरनं तक्रार न करता ते स्वीकारलं. किती दिवसांनी मी चहा गरम असताना प्याले.

त्याच संध्याकाळी आई आपोआप थांबली. बाबांनी साधु म्हणायच्या आतच तिनं हात खाली घेतले.

"पाह्य वं," बाबा मला म्हणाले, "आज आपल्या मनानंच थांबली! गोळी लागू पडली."

मी मान हलवली. तिनं तिसऱ्या फेरीतली संघाची ओळ म्हटलीच नव्हती, हे मी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी धम्माचीही गेली. त्यानंतर ततियम्पि आलंच नाही. बाबा रोज खुशीत, आणि मला संध्याकाळ नकोशी वाटायला लागली. उरलेलं दर वेळी आखूड होत असेल तर पुढे काय होतं, ते मीच सिद्ध करून दिलं होतं.

काल ती दुतियम्पि म्हणून अडली. मी पुढची ओळ मोठ्यानं म्हटली. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि नुसती ऐकत राहिली. मला फार भीती वाटली. आई, जा वं पुन्हा दुतियम्पिवर, मी मनात म्हणत होते. जात राहा. आता कोणी थांबवत नाही तुले.