संतोषाचा महागाई भत्ता

विघ्ने दूर सारणाऱ्या गजाननाला आणि जिभेवर वास करणाऱ्या शारदेला वंदन करून, आज वसुबारशीच्या सायंकाळी ही आठवण लिहावयास बसलो आहे. गोठा आता कुठला, म्हणून सूनबाईंनी मातीची गाय आणि मातीचेच वासरू पाटावर मांडले आहे. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी असा नैवेद्य झाला. त्या गायीच्या पायाशी एक पत्र ठेवले आहे, कारखान्याच्या शिक्क्याचे. ते येण्यास उशीर झाला आणि त्या उशिरात माझाही वाटा होता. म्हणून हे लिहिणे मला प्राप्त झाले आहे.

मी उभे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्त झाल्यावर पौरोहित्य करू लागलो. दक्षिणा कधी ठरवली नाही. यजमानाने विड्यावर जे ठेवले ते कपाळाला लावून घेतले. या गोष्टीचा मला थोडा अभिमान होता, हे देवासमोर कबूल करतो.

माझा मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग मापाने बरोबर आहे की नाही, हे पाहून तो पुढे सोडायचा, हे त्याचे काम. तेथे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. गेल्या वर्षी तेथील साहेबांनी मला पूजा सांगावयास बोलावले. साऱ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मुलाच्या विभागाने मोजण्याची बारीक साधने एका ताटात मांडून त्यांवर हळदकुंकू वाहिले होते. आरती झाल्यावर साहेब म्हणाले, "गुरुजी, मुलांना दोन शब्द सांगा."

मी संतोषावर बोललो. गरजा आवरल्या की मिळकत पुरते, ज्याचे मन भरले त्याचे घर भरले, असे बरेच काही सांगितले. टाळ्या झाल्या. साहेब इतके प्रसन्न झाले की त्यांनी घरी आणखी दोन नारळ आणि मिठाई पाठवली. परतताना मुलगा दुचाकीवर फक्त रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी बोलला. मला वाटले, भाषण त्याच्या मनात मुरत असावे.

पुढे एप्रिल गेला, आषाढ आला. आमच्याकडे नळाला पाणी येते ते आठवड्याने. ते पुरले नाही की टँकर मागवायचा, प्यायला विकतचे जार घ्यायचे. टँकरवाल्याने दर वाढवला, जारवाल्याने वाढवला. मुलगा आता जारचे घरपोच पैसे वाचवण्यासाठी दोन-दोन जार स्वतः जिन्याने वर आणू लागला होता. एके दिवशी सूनबाई म्हणाल्या, की दिवाळीनंतर नातीची शाळेची रिक्षा बंद करावी लागेल. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "असू दे. संतोष मानावा."

सूनबाईंनी हातातली कणीक परातीत ठेवली.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"हे एप्रिलमध्ये पगारवाढ मागायला गेले होते. तीन वर्षं झाली, वाढ म्हणजे नुसती नावाला. तर साहेब हसून म्हणाले, 'अरे, तुझे वडील काय सांगून गेले? घरचीच शिकवण पाळत नाहीस का?' आता यांनी काय बोलावं? वडील पूजेच्या पाटावरून बोललेले, ते खोडून काढायचं का? आले तसेच परत."

मुलगा एव्हाना जार खांद्यावरून उतरवीत दारात उभा होता. त्याने सारे ऐकले होते.

"जाऊ दे गं," तो हसत म्हणाला. "बाबांचं काही चुकलं नाही. फक्त त्यांच्या संतोषाला महागाई भत्ता आहे. माझ्याला नाही."

त्याने ते थट्टेत म्हटले, पण मी दोन दिवस त्या वाक्यापाशी बसून होतो. माझे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढत आले आहे. मला ते कधी मागावे लागले नाही. प्रसाद हातावर पडावा तसे ते पडत गेले, आणि माझे मन शांत राहिले ते माझ्या तपाने, असे मी समजत राहिलो. मी मुलाला म्हणालो, "रिक्षाचे मी देतो."

"तुम्ही घरात देताच की, बाबा. मला मदत नकोय. माझ्या कामाचं मोल पाहिजे."

यंदा खंडेनवमीचे बोलावणे पुन्हा आले. आदल्या दिवशी मी गुलमंडीच्या बाजारात झेंडू घ्यावयास गेलो. फुलवाल्या बाई देवगाव रंगारी या खेड्यातल्या. मी म्हणालो, "मागच्या वर्षी एवढा भाव नव्हता."

"महाराज, मागल्या वर्षीचा भाव मागल्या वर्षीच्या फुलांसंगं सुकला. टेम्पोवाल्यानं भाडं वाढवलं, म्हणून म्या भाव वाढवला. तुम्ही बी दक्षिणा वाढवा की. देव काय नाय म्हणतो व्हय?"

मला हसू आले. मी निमूटपणे पैसे दिले. टेम्पोवाल्याने हिला सांगितले, हिने मला. मी यजमानाला सांगू शकतो. केवळ नोकरी करणाऱ्याने सांगावे कोणाला? ज्याला सांगायचे, त्याच्या हाती मीच माझे भाषण देऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पूजा यथासांग झाली. साहेब म्हणाले, "गुरुजी, गेल्या वर्षीसारखे दोन शब्द."

मी म्हणालो, "गेल्या वर्षी या पाटावरून मी संतोषाविषयी बोललो. ते अर्धेच सांगितले गेले, उरलेले आज सांगतो. संतोष हे ज्याने त्याने आपल्यापुरते घ्यायचे व्रत आहे. उपवास मी करावा. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून त्याला एकादशी म्हणू नये. आणि यज्ञ करणाऱ्यांना तृप्त केल्यावाचून यज्ञ पुरा झाला, असे आमच्यात कोणी मानीत नाही. येथे तर तीन पाळ्यांत यज्ञ चालतो. या ताटातली साधने केसाएवढा फरक पकडतात. आज त्यांची पूजा केलीत. त्याच बारकाईने एकदा या हातांच्या मोबदल्याचेही माप घ्यावे, आणि घरातली भाकरी किती महाग झाली तेही त्यात धरावे. माझ्या मागच्या शब्दांचा आधार घेऊन कोणाला नकार दिला गेला असेल, तर तो आधार मी आज परत घेतो."

यंदा टाळ्या झाल्या नाहीत. मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, हा मंत्र परत एकदा म्हणा, मोबाईलमध्ये घेतो." मग हशा झाला.

साहेब मुलाकडे वळले. "काय रे, बाबांना पढवून आणलंस?"

"नाही सर. गेल्या वर्षीही मी पढवलं नव्हतं. पण आता मधे त्यांचा शब्द नाही, तर मी परत विचारतो. एप्रिलमध्ये विचारलं होतं, तेच."

"इथं? पूजेत?"

"इथं नको. सोमवारी, केबिनमध्ये. आणि मी एकटा नाही, विभागातले सगळे येतो."

साहेबांनी त्या ताटाकडे पाहिले आणि ते म्हणाले, "या."

मला फाटकापर्यंत पोहोचवताना ते हळूच बोलले, "गुरुजी, खरं सांगू? माझीही वाढ दोन वर्षं अडकली आहे. पण माझ्या वरच्या साहेबांकडे पूजाच होत नाही." मी त्यांच्या हातावर प्रसादाची खोबऱ्याची वाटी ठेवली. यापलीकडे मजजवळ काय होते?

ते पत्र आज सकाळी आले. विभागातल्या सर्वांना मिळाले. मागितले त्याच्या निम्मे पुढच्या महिन्यापासून, उरलेले निम्मे एप्रिलमध्ये, असे लेखी आहे. मुलगा ते माझ्यापुढे धरून म्हणाला, "पूर्ण नाही, बाबा."

"एप्रिलमध्ये पुन्हा जा," मी म्हणालो. "मी आड येणार नाही."

नातीने आपल्यापुरता एकच प्रश्न विचारला, "रिक्षा बंद नाही ना?" नाही म्हटल्यावर तिने ते पत्र स्वतः उचलून मातीच्या गायीच्या पायाशी ठेवले, आणि ते उडू नये म्हणून वर वासरू बसवले.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरी श्रमाला त्याचे मोल मिळो. तुझ्या मुलांची शाळा आणि वडीलधाऱ्यांचे औषध कधी न अडो, मागण्याची वेळ आली तर तुझा कंठ दाटून न येवो, आणि देण्याची वेळ आली तर हात आखडता न होवो. तुझ्या घरातली चूल आणि देवापुढची समई, दोन्ही सदैव तेवत राहोत. शुभं भवतु.