खायला न लागणारा मासा

मासे पाळायची हौस माझी नव्हे. आई गेल्यावर बाबा गुढियारीचं घर भाड्यानं देऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे तेलीबांध्याला राहायला आले, आणि आता ते दिवसभर करणार काय, हा प्रश्न त्यांच्यापेक्षा मलाच जास्त छळू लागला. मग माझ्या मुलीनं त्यांच्या खोलीत दोन फुटांची काचेची टाकी आणून ठेवली आणि तिच्यात आठ गप्पी सोडल्या. बाबांना त्या आवडल्या. पण खिडकीतल्या उन्हानं महिन्याभरात काच हिरवीगार झाली आणि ती घासायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरात कुणीही काहीही आणो, त्याची घासपूस माझ्या कपाळी लिहिलेलीच असते.

दुकानदाराला हे सांगितलं, तर त्यानं जाळीनं एक बोटाएवढा, काळ्या ठिपक्यांचा मासा काढला. "सकर ले जाइए दीदी. काई खाता है, गंदगी खाता है. इसको खाना डालना ही नहीं पड़ता."

शेवाळ घासून देणार आणि वर जेवायलाही मागणार नाही. मला आणखी काय हवं होतं? मासा असलेली पिशवी अर्धा तास टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली, मग त्याला सोडला. तो तोंडानं काचेला चिकटला आणि कामाला लागला. आठवड्याभरात काच लख्ख झाली. मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले.

पंधरा दिवसांनी बाबांनी हाक मारली. मासा पुढच्या काचेला चिकटला होता, पोट आमच्याकडे करून. ते पोट वाटीसारखं आत गेलं होतं.

"याचं पोट पाठीले लागलं, बाई. तू याले खायाले काय देऊन राहिली?"

"त्याले नाही लागत बाबा. घाण खाते तो."

"घाण तर त्यानं साफ केली. आता काय खाईन?"

"गप्पीचं उरलेलं खाली पडते ना, ते खाईन."

"म्हणजे उष्टं," बाबा म्हणाले.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या गाड्या धुण्यात गेली. गाडी यार्डात लागली की डबे झाडायचे, संडास धुवायचे. सीटखाली पुऱ्यांची पुडकी सापडायची, न फोडलेली बिस्किटं सापडायची, आणि 'घेऊन जा की पोरांना' म्हणणारे साहेबही भेटायचे. बाबांनी त्यातलं कधी काही घरी आणलं नाही. हे मी लोकांना अभिमानानं सांगते. आणि त्याच तोंडानं मी आत्ता काय बोलले होते! मला लाज वाटली. इतकी की मी मोबाईल काढून बसले.

मासा आणण्याआधी जे वाचायला हवं होतं, ते तेव्हा वाचलं. सकर म्हणजे प्लेको, आणि त्याच्या जाती पुष्कळ. पिल्लं सगळी सारखीच दिसतात, म्हणून पाठीवरच्या पंखातल्या काड्या मोजायच्या. सात-आठ असल्या तर तो वीतभरही न होणारा, नाकावर मिशा फुटणारा. दहाच्या वर असल्या तर हातभर वाढणारा. आमचे महाराज पंख मिटून बसलेले. बाबा आणि मी काचेला नाक लावून वाट बघत राहिलो.

"आप दोनों भी सकर बन गए," मुलगी म्हणाली. ती इथल्या हिंदीतच वाढलेली.

शेवटी तो सरकला आणि पंख उघडला. मी अकरा मोजल्या, बाबांनी बारा. त्यावर आमचं जुंपलं, पण दहाच्या वर यावर एकमत झालं. म्हणजे ही टाकी त्याला पुरणार नव्हती.

"दुकान में वापस कर दो ना," मुलगी म्हणाली.

"तो परत तेच सांगून दुसऱ्याले विकीन," बाबा म्हणाले. मोठी टाकी घ्यायची ठरली.

पण त्याआधी तो जगायला हवा होता. इतका खंगलेला मासा कधी कधी खायचंच सोडून देतो, असंही वाचलं होतं. लौकीची, म्हणजे दुधीची, चकती उकडली, दोऱ्यानं स्टीलच्या चमच्याला बांधली आणि तळाशी सोडली. त्यानं तिला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी चकतीचा लगदा झाला, पाणी गढूळ झालं, ते थोडं बदललं, नवी चकती सोडली. पुन्हा तेच. बाबांचंही जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टाकीवर आपला टॉवेल टाकला. "लोकायच्या डोळ्यादेखत कोण खाईन?"

संध्याकाळी त्यांनी हळूच कोपरा उचलला. मासा चकतीवर पालथा पडला होता आणि तिला बारीक बारीक खळगे पडले होते. बाबा हसले. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मलाही फार बरं वाटलं, आणि त्या भरात मी विचारलं, "तिथं यार्डात तुम्ही काय जेवायचे, बाबा?" मी पन्नाशीला आले, पण हे कधी विचारलं नव्हतं.

"तुझी आई डबा द्यायची ना."

"मग बसायचे कुठं जेवाले?"

"बसतो कुठं?" टॉवेल नीट करत ते म्हणाले. "हाताचा वासच जायचा नाही. घास तोंडापर्यंत जाईना. डबा तसाच परत आणायचो. आईले सांगायचो, आज भूक नव्हती. तुम्ही पोट्टे तर दारातच उभे राहायचे त्या डब्यासाठी."

राहायचो. त्या थंड पोळ्यांवर आणि बटाट्याच्या भाजीवर आम्ही तिघं भावंडं तुटून पडायचो. आणि ज्या दिवशी डबा रिकामा निघायचा, त्या दिवशी बाबांवर रुसायचो.