काळ्या टॉपवरचं पाखरू

“ताई, हे कोण घालते?” रोशनीनं विचारलं.

तिच्या गळ्यात कवड्यांच्या माळा आणि डोक्यावर पिसांचा पट्टा होता. आलापल्लीला आमची कॉस्च्युम ट्रायल चालली होती. ट्रायल म्हणजे शूटिंगआधी कपडे अंगावर घालून बघणं. शूटिंग दोन दिवसांवर आलेलं. कपडेपट माझ्याकडे होता, पण या माळा-पिसांची पेटी मुंबईहून परस्पर भरून आली होती.

सिनेमा एका गोंड मुलीचा. दहावी होते, अहेरीला कॉलेजात जाते, सायकल शिकते, आईशी भांडते. घरच्या सगळ्यांनी मिळून बघावा असा. ती भूमिका करणारी रोशनी इथलीच, गोंड घरातली, नुकतीच दहावी झालेली.

तिची आई सुमनबाई सोबत होती. तिनं तो पट्टा उलटसुलट करून पाहिला. “नाचाले घालतेत आमच्या इकडं, पण असं नाई. आन पिसं लावून कॉलेजात कोण जाते बाप्पा?”

मायलेकी हसत सुटल्या. मलाही हसू आवरेना.

दिग्दर्शक सर पुण्याचे. माणूस चांगला, पण धास्तावलेला. म्हणाले, “मॅडम, साधे कपडे घातले तर ती आदिवासी आहे हे कळणार कसं?”

“सर, ती आजीशी गोंडी बोलते, मोहफुलं वेचते. तेवढं पुरे. मी चंद्रपूरची आहे. इथल्या मुली हा सिनेमा बघतील, तेव्हा मला त्यांना तोंड दाखवायचंय.”

सरांनी तो पट्टा पेटीत परत ठेवला. मग म्हणाले, “ठीक. तुमच्याकडे दुसरं काय आहे?”

काहीच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी अहेरीचा आठवडी बाजार होता. आम्ही चौघं गेलो.

कपड्यांच्या दुकानासमोर मी रोशनीला म्हटलं, “कॉलेजच्या पहिल्या दिवशी जे घालशील, ते घे.”

तिनं क्षणात काळा टॉप उचलला. छातीवर टिकल्यांचं मोठं फुलपाखरू. सुमनबाईनं पोपटी पंजाबी ड्रेस ओढला.

“पहिल्याच दिवशी काळं?”

“आई, पोपटी घालून मी मिरची दिसीन!”

“दिस! लांबून तरी दिसशील मले.”

मागं वळून पाहिलं तर सर भराभरा वहीत लिहून घेत होते.

पण अडचण होती. सिनेमात रोशनी सायकलसकट धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरातल्या चिखलात पडते. असा शॉट पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो आणि दर वेळी कपडा तोच, कोरडा लागतो. म्हणून एकाच कपड्याचे तीन सेट ठेवतात.

दुकानदार म्हणाला, “मॅडम, काळा एकच पीस हाय. पोपटी पायजे तर तीन देतो.”

सुमनबाई खूश. रोशनीचा चेहरा उतरला.

“मग पोपटीच घेऊ,” सर म्हणाले.

“नाही सर. तिनं काळा निवडलाय.”

मी तो टॉप, तसेच दोन कोरे काळे टॉप आणि टिकल्यांची पाकिटं घेतली. परत येऊन कोऱ्या टॉपांवर खडूनं तसंच फुलपाखरू काढून घेतलं आणि टिकल्या लावायला बसले. सुमनबाई जरा वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातली सुई काढून घेतली.

“टाके लांब पडून राह्यले तुमचे.”

दोन्ही टॉप तिनंच पुरे केले. पाखरू कसं बेढब आहे, हे अखेरच्या टाक्यापर्यंत ऐकवत.

बाजारातलं भांडण सरांनी जसंच्या तसं सिनेमात घेतलं. आईचं काम करणाऱ्या नागपूरच्या नटीला सुमनबाईनं स्वतः ते शिकवलं. “मॅडम, जोरात बोला. पोरगी आयकत नाई तुमची!”

पुढं अहेरीत सिनेमा दाखवला. मिरचीच्या वाक्याला हॉल हसून लोटपोट झाला. आया पोरींना कोपर मारत होत्या, पोरी आयांना. तेवढ्यात सुमनबाई उभी राहून ओरडली, “ते पाखरू मी शिवलं हाय!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोशनीनं लाजून तोंड ओढणीत लपवलं.

त्यानंतर अहेरीला गेले, तर त्या दुकानात फुलपाखरांचे काळे टॉप ओळीनं टांगलेले.

आता नवी स्क्रिप्ट हातात आली की मी लगेच कपड्यांची चित्रं काढायला पेन्सिल घेऊन बसत नाही. आधी तिथल्या बाजाराचा वार विचारते.