साध्वीच्या लेकी

आमच्या घरची राणी कोण, असं कुणी विचारलं तर मी मागच्या अंगणाकडे बोट दाखवते. तिथे रांगेनं मधपेट्या मांडल्यात आणि दर पेटीत एक राणी बसलीय. सवत माणूस असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आमच्या ह्यांना लोक राणीवाले म्हणतात. राणीमाश्या तयार करायच्या आणि मधपेट्या पाळणाऱ्यांना पुरवायच्या, हा ह्यांचा धंदा. अंड्यातून नुकती निघालेली अळी काडीच्या टोकावर अलगद उचलायची आणि मेणाच्या वाटीत ठेवायची. मग माश्या तिला खाऊ घालून राणी करतात. अळी उचलताना ह्यांचा हात इतका हलका की बघत राहावं. तोच हात घरातली कपबशी उचलायची म्हटलं की भरून येतो.

हाताचं कौतुक मीही करते, तोंडाचं नाही. गिऱ्हाईक आलं की ह्यांचं प्रवचन सुरू. "राणी घेताना फक्त तिची आई बघायची. खाण तशी माती." मला बघायला आले होते तेव्हा सासूबाईही माझ्या आईकडे निरखून हेच म्हणाल्या होत्या. माझे वडील शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

आता राणीमाशीचं लग्न कसं लागतं ते ऐका. तरुण राणी एखाद्या उन्हाच्या दुपारी उंच उडते आणि वरच्या वर दहा-पंधरा नरांशी जमवून परत येते. ते नर कुणाच्या पेटीतले, कुठल्या ढोलीतले, काही पत्ता नसतो. त्यानंतर ती जन्मभर अंडी घालते, ती त्या एका दिवसाच्या पुंजीवर. म्हणजे एकाच पेटीतल्या कामकरी माश्यांची आई एक आणि बाप डझनभर. ह्यांच्या प्रवचनात त्या बापांचं नावसुद्धा निघत नाही.

तर ह्यांनी एकदा लांबून शुद्ध जातीची राणी मागवली. तिची पेटी शांत होती, पण मध बेताचाच. "सुमार आहे," हे म्हणाले. तिची एक लेक वाढवली, ती उडून आली, आणि त्या लेकीच्या पेटीनं मात्र कमाल केली. मध ठेवायला चौकटी पुरेनात, आणि माश्या इतक्या गरीब की उघड्या हातानं पेटी धुंडाळावी. ह्यांनी त्या राणीचं नाव ठेवलं साध्वी.

"पंधरा नवरे करून आलेली, आणि साध्वी?" मी म्हटलं.

हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बरा गेला तो आठवडा.

याच सुमाराला माझी नणंद नवऱ्याला सोडून आली. ह्यांची धाकटी बहीण ती. हे म्हणाले, "इथेच राहा. वहिनीला स्वयंपाकात मदत होईल." ती म्हणाली, "दादा, मला पेट्या ठेवायच्यात." हे हसले. "तू डोक्यानं सुमार, तुझ्यानं एकटीनं काय होणार?" असं म्हणाले, तिच्या तोंडावर. तरी तिनं एका दातांच्या डॉक्टरांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली, परसासकट. ह्यांनी मोठ्या मनानं ती पहिली शुद्ध राणी, म्हणजे म्हातारी, तिला देऊन टाकली. नको असलेली वस्तू बहिणीला देताना ह्यांचं मन फार मोठं होतं.

पुढच्या वर्षी नणंदेनं पेट्या वाढवल्या आणि नव्या राण्या ह्यांच्याकडूनच घेतल्या. सगळ्या साध्वीच्या लेकी. जुन्या माश्या सरून नव्या राण्यांची प्रजा बाहेर पडली मात्र, परसात कुणाला पाऊल टाकता येईना. डॉक्टरांकडे सुजलेले जबडे घेऊन लोक आधीपासून येत होते, आता परत जाताना डोळेही सुजवून जायला लागले. डॉक्टरांनी सांगून टाकलं, महिनाअखेरीला पेट्या हलवा नाहीतर खोली सोडा.

खोली सोडायची म्हणजे आमच्याकडे यायचं आणि भावाच्या तुकड्यांवर दिवस काढायचे. नणंद मला एवढंच म्हणाली, "वहिनी, तुझं स्वयंपाकघर चांगलंय गं, पण मला नको." मला रडू आलं. तिच्या जागी मी असते तर मलाही नको झालं असतं.

ह्यांचा निकाल तयार होता. "राण्यांत दोष असूच शकत नाही. आई साध्वी आहे. हिचा हातच धसमुसळा." आणि हे सिद्ध करायला स्वारी तिच्याकडे निघाली. डोक्यावर जाळी नाही, हाती धूर नाही. डॉक्टर खिडकीच्या काचेमागे उभे, मी आणि नणंद दारात. ह्यांनी झाकण उचललं, आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा, खाण तशी..."

माती हे मातीत बसूनच म्हणाले असतील, आम्हाला ऐकू आलं नाही. नंतर हे परसातून ज्या वेगानं निघाले, त्या वेगानं लग्नानंतर कुठेच गेले नव्हते. नणंदेनं जाळी चढवली, धूर मारून ती पेटी झाकली आणि डॉक्टरांना हाक मारली. मग परसाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जाळी काढली आणि तोंड उघडं ठेवून म्हातारीची पेटी उघडली. माश्या आपल्या कामात. डॉक्टर दारापर्यंत आले, मग पायरीपर्यंत आले.

घरी आमची स्वारी भोपळ्याएवढं तोंड घेऊन पडली होती. मी कुंडीतले दोन टोमॅटो तोडून समोर ठेवले. एक लिंबाएवढा, दुसरा वाकडातिकडा. संकरित टोमॅटोचं बी मी राखून पुन्हा पेरलं होतं, त्याची ही फळं. तेव्हा हेच मला हसले होते. "अगं, दोन जाती पहिल्यांदा मिळाल्या की त्या पिढीला जोर असतो. त्याच पिढीचं बी पुढे धरलं की सगळं विस्कटतं. एवढंही कळत नाही?"

"तुमची साध्वी काय वेगळी होती?" मी विचारलं.

ह्यांनी वाकडा टोमॅटो उचलून उलटसुलट फिरवून पाहिला. साध्वीच्या पेटीचा गुण एकट्या साध्वीचा नव्हताच. शुद्ध आई आणि परके बाप पहिल्यांदा भेटले, त्यातून झालेल्या माश्या त्या. साध्वीच्या लेकी मुळातच मिसळीच्या, त्या पुन्हा उडून आणखी मिसळून आल्या. दुसऱ्याच्या बियाण्यात ह्यांना दिसलेलं ह्यांना स्वतःच्या लाडकीत दिसलं नाही.

पुन्हा तशाच पेट्या हव्या तर पुन्हा शुद्ध आईच्याच लेकी वाढवायला हव्यात. आणि शुद्ध आई होती बहिणीच्या परसात.

सूज उतरल्यावर गेले. मीही गेले, असा योग कोण सोडतो?

"म्हातारीच्या थोड्या अळ्या मिळतील का?" हे म्हणाले.

"मिळतील. पहिल्या राण्या माझ्या पेट्यांना. आणि तोवर ह्या चिडक्या पेट्या तुझ्या अंगणात. डॉक्टर तेवढ्यावर थांबायला तयार आहेत."

"माझ्या अंगणात? तिथे हिचे कपडे वाळत असतात."

"ते आता तुम्ही वाळत घालाल," मी म्हटलं.

हे काहीतरी मऊ बोलायचं म्हणून बोलले, "मी म्हातारीला सुमार म्हटलं होतं, नाही?"

"मलाही म्हटलं होतंस," नणंद म्हणाली आणि म्हातारीची चौकट काढून ह्यांच्यापुढे धरली.

ह्यांनी खिशातून काडी काढली. पहिली अळी निसटली, दुसरीही निसटली.

"सावकाश, दादा," ती म्हणाली. "खाण कुठे पळून जात नाही."