दुसऱ्याच्या नंबरावर ठेवलेलं बोट

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला धारवाडला गेलो. कॉलेजातल्या नव्या फलकाला ताज्या सागवानाचा वास होता, आणि माझे वडील, अप्पा आठवले.

माझ्या पहिल्या वर्षाच्या निकालाला ते अळणावरच्या लाकडाच्या गिरणीतून तसेच आले होते, अंगावर भुसा घेऊन. त्यांना वाचता येत नव्हतं.

"तुजा नंबर कुठं हाय रं?"

मी नापास झालो होतो. आता जन्मभर करवतच, या भीतीनं मी फलकावरच्या पास झालेल्यांच्या यादीत भलत्याच नंबरावर बोट ठेवलं. अप्पांनी चप्पल काढली, तो नंबर शिवून हात कपाळाला लावला. मला रडू फुटलं.

"अप्पा, माझा नाही तो. मी नापास झालोय."

चप्पल पायात घालत ते म्हणाले, "फुडल्या वर्षी परत येतो."

पुढच्या वर्षी मी माझ्या नंबरावर बोट ठेवलं. अप्पांनी आधी शेजारच्या पोराला विचारून घेतलं, मगच चप्पल काढली.