राजाने झाडावर चढू नये

मोबाईलवरच्या खेळांबद्दल वर्तमानपत्रात लिहिणारा त्या काळी रत्नागिरीत मी एकटाच होतो, त्यामुळे सर्वांत चांगला लिहिणाराही मीच होतो. एस.टी. स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. संगणकाला केबल लावून मी लोकांच्या फोनमध्ये गाणी आणि खेळ भरून द्यायचो. एकदा इथल्याच एका दैनिकाचे संपादक बिघडलेला फोन घेऊन आले आणि जाताना रविवारच्या पुरवणीतलं एक सदर माझ्या गळ्यात मारून गेले.

गाड्या पळवायचे आणि धडाधड गोळ्या घालायचे खेळ मी दोन ओळींत निकालात काढत असे. माझा जीव डावपेचांच्या खेळांवर. त्यातही ज्यात आपला शिपाई लढता लढता शिकतो, मोठा होतो, त्या खेळांवर जास्तच. काडेपेटीएवढा पडदा, आवाज म्हणजे नुसती पिपाणी, दोन-चार-सहा-आठच्या बटणांनी सरकायचं आणि पाचने हुकूम सोडायचा. एवढ्याशा जागेत कुणीतरी डोंगर, नद्या, किल्ले आणि रुसणारे सरदार बसवलेले असायचे. हे कोण बनवतं मला ठाऊक नव्हतं, पण ज्याने कुणी बनवलं त्याला मी मनातून हात जोडायचो. लिहिताना मात्र कडक राहायचो, कारण संपादकांना वाटायचं की स्तुती केली तर लोक म्हणतील, दुकानातला माल खपवतोय.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांना हृदयाचा झटका आला. कोल्हापूरला नेलं, वाचले. डॉक्टरांनी बजावलं की धावपळ बंद, चढउतार बंद आणि झाडावर चढणं तर विसराच. हे ऐकून बाबांनी तोंड असं केलं, जणू डॉक्टरांनी त्यांना जेवण बंद करायला सांगितलं होतं. मिरजोळ्याच्या पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची हापूसची बाग आहे आणि तिथला सगळा कारभार म्हणजे एकखांबी तंबू. फवारणी बाबा करणार, आंबा बाबा काढणार, पंप बिघडला तरी हात काळे बाबाच करणार. राखणीला आठ-दहा वर्षांपासून एक नेपाळी गडी होता, पण पाण्याच्या पाइपापलीकडे त्याच्या हाती त्यांनी काही दिलं नव्हतं. विहिरीकडचं सर्वांत उंच कलम तर दर हंगामात पहिल्यांदा बाबाच चढायचे. तिथे दुसऱ्या कुणी पाय ठेवलेला त्यांना खपत नसे.

आईने जाहीर केलं की यंदा बाग करारावर द्यायची. मोहोर धरला की व्यापारी येऊन बघेल, हंगामाचा आंबा त्याचा, ताप त्याचा.

"बाग दिली तर मी काय करू? भिंतीकडं बघत बसू?" बाबा म्हणाले.

"बसा. बघायला असाल तरी," आई म्हणाली.

मी आईच्या बाजूचा होतो. बाबा मरणाच्या दारातून परतले होते, आणि बाग हातात राहिली तर ते झाडावर चढल्यावाचून राहणार नाहीत हे आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं.

तोवर त्यांना खुर्चीत बसवून ठेवायचं कसं, हाच प्रश्न होता. परीक्षणासाठी मी त्याच सुमारास एक किल्ल्यांचा खेळ घरी आणला होता. चौकोनांचा पट, एक राजा, त्याचे थोडे शिपाई, आळीपाळीने चाल. राजा सर्वांत बलवान, पण तो मेला की खेळ खलास. बाबांनी आधी नाक मुरडलं. "शिकलेला मुलगा आणि बाहुल्या नाचवतोय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानात निघालो तर फोन त्यांच्या हातात आणि चष्मा नाकाच्या टोकावर होता.

ते हरत होते. रोज हरत होते आणि हरण्याची पद्धतही ठरलेली होती. उत्तरेच्या वेशीवर शत्रू आला की राजा धावला. दक्षिणेला आग लागली की राजाच धावला. शिपाई किल्ल्यात उभे.

"त्यांना का नाही पाठवत?" मी विचारलं.

"त्यांना काय येतंय? जातात नि मरतात. त्यांना ठेवलंय लोणचं घालायला."

मग कुठल्यातरी ओढ्याकाठी दमलेला राजा एकटा गाठला जाई, आणि बाबा खेळ बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

रविवारी माझं परीक्षण आलं. मी लिहिलं होतं की या खेळाची खरी करामत लढाईत नाहीच. जो लढतो त्यालाच अनुभव मिळतो. राजाने सगळ्या लढाया स्वतः मारल्या तर शिपाई जन्मभर कच्चेच राहतात, आणि मग राजाला वाटतं, बघा, माझ्यावाचून कुणाला काही जमत नाही. पुढे हेही लिहिलं की माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा राजा याच पायी रोज मरतो.

दुपारी जेवताना बाबांनी आमटी ओरपली, ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "गृहस्थ कोण ते कळलं."

आई हसू दाबायला पाणी आणायला उठली. मला वाटलं, आता फोन अंगणात जातो. पण त्यांनी विचारलं, "मग राजानं करायचं तरी काय?"

"बसायचं. बघायचं. सांगायचं. आणि पहिल्या पहिल्यांदा ते मार खातील, तो खाऊ द्यायचा."

"हे अवघड आहे," ते म्हणाले. माझ्या सदराला मिळालेला सर्वांत प्रामाणिक अभिप्राय हाच.

त्यानंतरचा त्यांचा खेळ मी बघत बसायचो. एखादा शिपाई संकटात असला की त्यांचा अंगठा राजाकडे सरके, थांबे, परत येई. एकदा एक शिपाई वाचला आणि त्याच्या डोक्यावर बढतीचा तारा चमकला, तेव्हा त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावून तो दाखवला. तिला काही दिसलं नाही. तरी ती "अरे वा" म्हणाली. शेवटची लढाई त्यांनी राजाला किल्ल्यातून न हलवता मारली. मला ती तशी कधी जमली नव्हती. पुढच्या रविवारी मी ते लिहिलं, आणि या खेपेला कडकपणा बाजूला ठेवून मनसोक्त स्तुती केली. खेळाचीही आणि गृहस्थांचीही.

त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "दुकानात एखादा जुना फोन पडलाय का? बागेवर द्यायचाय."

तेव्हा सड्यावर रेंज म्हणजे नशिबाचा भाग होता. गड्याला बोलायचं असलं की तो पंपाच्या खोलीच्या छपरावर चढायचा. बाबा खुर्चीतून विचारायचे, तो छपरावरून ओरडायचा, आणि शेजारच्यांनाही आमच्या बागेची खबरबात लागायची. डिसेंबर सरता सरता मोहोर आला. मग मळभ धरलं. मळभात तुडतुडे वाढतात आणि मोहोर काळा पडतो, तेव्हा फवारणी लगेच हवी. बाबा खुर्चीच्या कडेवर आले. पायात चपला होत्या. आई दारात उभी होती.

बाबांनी फोन कानाला लावला आणि आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला काय वाटतं?"

गडी म्हणाला, वारा फार आहे, औषध उडून जाईल, उद्या मारतो. बाबांचं मत उलटं होतं, ते मला त्यांच्या कपाळावर दिसत होतं. "बरं. तुझं तू बघ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि चपला काढल्या.

गड्याचं चुकलं. वारा रात्रीच पडला होता, तेव्हाच मारायला हवं होतं; पहाटेपर्यंत कडेच्या झाडांचा मोहोर गेला होता. सकाळी फोनवर त्याला रडूच फुटलं. बाबांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "गेला तो गेला. बाकीच्याला आता काय करशील ते सांग." आणि त्याने सांगितलेलं सगळं, मध्ये एकदाही न तोडता, ऐकलं. माझ्या बापाचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. आंब्याने लगडलेली झाडं दाखवली तेव्हासुद्धा नाही.

व्यापारी ठरल्याप्रमाणे आला, बाग बघून घरी आला, चहा प्याला. बाबा आईकडे बघत राहिले. बोलायचं तिनेच होतं. ती म्हणाली, "यंदा राहू दे. हे जागेवरून करायला शिकलेत." व्यापारी गेल्यावर तिने बाबांना दम भरला की एकदा जरी झाडावर दिसलात तर करारावर मी स्वतः सही करीन. बाबांनी मान हलवली.

एप्रिलमध्ये आंबा तयार झाला. पहिल्या तोडणीला मी बाबांना बागेत नेलं आणि विहिरीच्या कठड्यावर बसवलं. जवळची झाडं झाली. विहिरीकडचं उंच कलम उरलं. गडी बुंध्याशी आला आणि नुसता उभा राहिला. त्यालाही ठाऊक होतं. बाबांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग हातातली घळ, म्हणजे बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली ती काठी, त्याच्यापुढे धरली आणि म्हणाले, "जा."

तो चढला, पानांत दिसेनासा झाला. थोड्या वेळाने बाबांच्या खिशातला फोन वाजला. झाड तर समोरच होतं, हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं. पण वर रेंज पूर्ण होती आणि गड्याला त्याचंच अप्रूप. फोनमधून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"शेठ, हितून समुंदर दिसतोय!"

इतकी वर्षं बाबांनी त्या झाडावर दुसऱ्या कुणाला का चढू दिलं नाही, हे मला तेव्हा कळलं. घरी कधी बोलले नव्हते ते.

"दिसतो ना?" बाबा म्हणाले. "मग उतरायची घाई करू नकोस. बस थोडा तिथंच."