आईची लस आणि सत्तावीस वर्षांचा पुरुष

कोरोनाच्या दुसऱ्या लशीनंतर आईचा डावा हात खांद्यात आखडला. ती वळसंगकडच्या एका खेड्यात राहते, चार शेळ्या सांभाळते. कित्येक महिने तिला धड वेणी घालता येईना. मी शहरात, शुक्रवार पेठेत राहते. तिला इकडे आणून डॉक्टरांना दाखवलं. सुई फार वर, सांध्यात गेली असावी, असं ते म्हणाले. तेव्हा आम्ही भरपाईचा अर्ज करायचं ठरवलं आणि एका वकीलबाईंना गाठलं.

वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "लस टोचल्याचा पुरावा?"

"हात वर जात न्हाय की! आनि काय पायजे?" आई म्हणाली.

"ते दिसतंय, आजी. पण लशीनंच झालं म्हणायचं तर आधी लस घेतली हे दाखवावं लागेल."

मी ऐटीत मोबाईलमधलं प्रमाणपत्र काढलं. नाव आईचंच होतं. पण खाली लिहिलेलं: पुरुष, वय सत्तावीस. बहात्तरचे आकडे कुणीतरी उलटे टाकले होते. वकीलबाईंना हसू आवरेना.

"ऱ्हाऊ दे की तसंच," आई खुशीत म्हणाली, "लई वर्सं वाचली माजी!"

पण ते चालणार नव्हतं. आम्ही गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेलो. मला वाटलं, तक्रारीचं नाव काढताच सिस्टर हात झटकतील. त्यांनी मात्र कपाटातून जुनी रजिस्टरं खाली उतरवली आणि प्रमाणपत्रावरच्या तारखेचं पान शोधलं. आईचं नाव, खरं वय, 'डावा हात', आणि पुढं तिची सही. प्रौढांच्या वर्गात शिकलेली ती सही खालच्या दोन माणसांच्या रकान्यांत उतरली होती.

"या सहीपायी साहेब मला किती बोलले होते!" सिस्टर हसत म्हणाल्या. मग त्या पानावर बोट ठेवून, "त्या दिवशी टोचायला बाहेरच्या बाई होत्या, आजी."

"तुमच्यावर राग न्हाय, बाई. हाताचं तेवढं बगायचंय."

रीतसर अर्ज दिल्यावर त्या पानाची शिक्का मारलेली नक्कल मिळाली. ती आणि डॉक्टरांचे कागद जोडून दावा उभा राहिला. दोन सुनावण्या झाल्या आणि उपचारांची भरपाई मंजूर झाली.

पत्र मी आईला फोनवर वाचून दाखवू लागले. दुसऱ्याच ओळीला तिनं थांबवलं.

"थांब गं. शेजारनीला बोलावते. मग पयल्यापासनं वाच."